लाल दिवा लागतोय की

त्या दिवसांचं लिहायचं म्हणलं तर मला आधी आत्याबाईंच्या कानांचं लिहावं लागतं. आत्याबाय म्हंजी माझी सासू. पारगावच्या मळ्यात आमचं घर, वर पत्रा, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, तिन्ही बाजूंनी ऊस आन चौथ्या बाजूला गाईंच्या हिरव्या घासाचं वावर, तेवढीच काय ती मोकळी जागा. माणसं आमी तीनच, मी, आत्याबाय आन माझी पोरगी शिवन्या, तिला समदी शिऊ म्हणायची. शिऊचे पप्पा चाकणला कंपनीत, आठ दिवसांनी येणार, धुणं टाकणार आन जाणार. तर आत्याबाय चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायच्या, दुधाचा टेम्पो कालव्यावर आला गं, किटली बाहेर ठेव, आन मला त्यो टेम्पो पाच मिन्टांनी ऐकू यायचा. कारखान्याचा भोंगा वाजायच्या जरा आधी त्यांचा थापता हात थांबायचा, जणू भोंग्यानं आधी त्यांनाच इचारलंय, वाजू का म्हणून. शिऊनं झोळीत कूस बदलली की माज्या आधी त्या उठायच्या. मला म्हणायच्या, "तुजे कान काय नुसत्या बाळ्या घालायला दिलेत का गं?"

मी वारूळवाडीची. तिकडं घराला घर लागून, भिंतीपलीकडं कुणी खोकललं तरी कळतं. नववीत शाळा सुटली, आजी आजारी पडली तवा घरात बाई पायजे व्हती, मंग सुटली ती सुटलीच, आन वरसादोनवरसात लगीन. मळ्यात आले तवा मला वाटलं व्हतं वारं आलं की पानं हालतात तसा ऊस हालत आसंल. पर ऊस हालत नाय, ऊस वाजतो. वारं नसताना बी वाजतो. आन त्यो वाजला की मी घरात पळायची, कारण बिबट्याचं समद्यांनाच ठाव. वस्तीवर कुणाची शेळी, कुणाचं कुत्रं, आन पलीकडच्या गावात एकाचं लेकरू, ते तर मी बाळंतीण आसताना ऐकलं, अंगावर पाजत व्हते आन दूधच आटलं दोन दिवस. तवापासून शिऊला मी खाली ठेवायचीच नाय. भांडी घासताना कडंवर, चूल पेटवताना कडंवर, मोरीला जाताना बी आत्याबाईंच्या हातात देऊन दोनदा मागं वळून बघायचं. आत्याबाय म्हणायच्या, "आगं तिला पाय हायेत का नुसती कंबर हाय, कळू दे की तिला." पोरगी सव्वा वरसाची झाली तरी चालत नव्हती ती माज्या भ्यानं, हे आता कळतंय. तवा कोण सांगणार.

आमच्या मळ्यापासून दोन वावरं सोडून गायकवाड सर राहायचे. घोडेगावला पोरांना वायरिंगचं आन इलेक्ट्रॉनिकचं शिकवून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकटेच. त्यांनी स्वताच्या डोक्यानं एक पेटी तयार केली, तिच्यात कॅमेरा, आन हाताच्या पंजात मावंल एवढा एक बोर्ड, आन वर जुन्या टेम्पोचा भोंगा. बिबट्या कॅमेऱ्यात दिसला की भोंगा वाजणार. वस्तीला तीन पेट्या केल्या, त्यातली एक आमच्या घासाच्या वावराकडं तोंड करून खांबावर लावली. पेटी लावायला आले त्या दिवशी आत्याबाईंनी त्यांना च्या दिला त्यो काचेच्या वेगळ्या गिलासात, आन सरांनी काय न बोलता प्याला आन गिलास स्वताच इसळून ठेवला. मला लाज वाटली. सर मला जवळ बोलवून म्हणले, "मनीषा, तू वाचतेस ना? मग हे तुझ्याकडं." आन पेटीची किल्ली माज्या हातात दिली. लगीन झाल्यापासून माज्या हातात कसलीच किल्ली नव्हती.

त्यांनी समजावलं ते मला शब्दानशब्द ध्यानात हाये. म्हणले, हा एवढुसा बोर्ड म्हणजे अख्खा कॉम्प्युटर आहे, पण याला स्वतःचं काही आठवत नाही. लाइट गेली आणि आली की तो नव्यानं जागा होतो आणि मी कोण, मला काय करायचंय, हे या कार्डावर वाचतो. आन नखाएवढं काळं कार्ड काढून दाखवलं. लाल दिवा लागला म्हणजे फक्त करंट आला. हिरवा दिवा लुकलुकला म्हणजे तो कार्ड वाचतोय. लाल दिसला म्हणून फसायचं नाही, हिरवा बघायचा. हे समदं त्यांनी एका वहीत लिहून दिलं, आन एक पेनड्राइव्ह, कार्ड कवा बिघडलंच तर नव्या कार्डावर ह्यातलं समदं टाकायचं म्हणून. आज मी लिहिती ती ह्याच वहीत. पुढची चौदा पानं सरांची, मागची कोरी व्हती.

पंधरा दिवसांत भोंगा वाजला. दिवेलागणीची येळ, मी शिऊला घिऊन आत, आत्याबाय गोठ्यात. असा वाजला की वासरू दावं तोडायला निघालं आन आत्याबाय हातातली पाटी टाकून दारात. दुसऱ्या दिवशी घासाच्या कडंला ठसे. वासरू वाचलं. त्या दिवशी आत्याबाईंनी मासवड्या केल्या, शिऊच्या पप्पांना सुद्धा वरसातून दोनदा मिळत्यात त्या, तीळ-खोबरं भाजल्याचा वास पार रस्त्यापतुर, आन सरांना जेवायला बोलवलं. आन त्यांना आपल्याच ताटलीत वाढलं. सरांनी दुसरी वडी घेतली तवा आत्याबाय म्हणाल्या, "घ्या घ्या, सर. तुमच्या मशीनला बी एक द्या, त्यानं बी उपास धरलाय." सर लई हसले. तवापासून आत्याबाय बाजारात, लग्नात, डेअरीवर समद्यांना सांगायच्या, आमची सून मशीन बघती. चौघींत बसल्या की माज्याकडं हात करून सांगायच्या. मी खाली मान घालायची पर आतून मला कसं व्हायचं ते लिहिता येत नाय. आन दुसरं एक झालं. आत्याबाय आता वावरात जाताना थांबून कानोसा घेईनात. आधी बांधावर उभ्या राहून ऐकायच्या, मंगच वाकायच्या. आता म्हणायच्या, भोंगा गप हाय म्हंजी त्यो न्हाई, आन सरळ वाकायच्या.

शिऊ चालली ती भर दुपारी. मी कपडे वाळत घालत व्हते, तिला अंगणात उभी केली ती खाटंला धरून, आन वळून बघते तर ही खाट सोडून निघालीये घासाच्या वावराकडं, सात पावलं, मी मोजली, आन धपकन बसली. मी फोन आणायला पळाले तवर पुन्ना उभीच राहीना. शिऊच्या पप्पांना फोन केला तर म्हणले, "फोटो तरी काढायचा, मने. मला काय दिसतं हितं, मशीनच दिसती." मला इतकं वाईट वाटलं. आन मला आठवलं की सर म्हणले व्हते, पेटीसमोर जे हालतं त्याचा फोटो कार्डावर राहतो. शिऊ पेटीसमोरच चालली व्हती.

मी किल्ली घेतली, पेटी उघडली, कार्ड काढलं आन माज्या फोनात घातलं. फोनावर आलं की ह्ये कार्ड चालत न्हाई, चालू करायला हितं दाबा. मी दाबलं. मंग आलं फॉरमॅट. मला वाटलं उघडायचंच काय तरी आसंल. दाबलं. एक निळी रेघ पळाली आन मंग कार्ड उघडलं, आन त्यात काय बी नव्हतं. आता मला म्हाईत हाये की त्या कार्डाचे दोन भाग व्हते, एक बोर्डाला जागं करायचा छोटा आन एक मोठा, आन मोठा भाग फोनाला वाचताच येत नाय, म्हणून त्यो म्हणतो खराब हाय, पुसू का. त्याला वाचता येत नाय म्हणून त्यो पुसतो. आन मी हो म्हणले. कार्ड काढताना हातातून पडलं, ते शिऊनं उचललं आन तोंडात. मी बोट घालून काढलं तवर तिनं चार दातांनी कोपरा चावलेला. गिळलं नाय एवढंच. तिला पोटाशी धरून मी किती येळ बसले कुणास ठाव.

सरांना फोन केला तर त्यांच्या मुलीनं उचलला. सर पुण्याला, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, बोलायचं न्हाई सांगितलेलं. म्हणली, "ताई, अर्जंट आहे का?" मी म्हणले, "न्हाई न्हाई, सहज." मला आजूनबी त्यो 'सहज' ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन येते म्हणून सांगितलं आन वारूळवाडीला मोबाइलच्या दुकानात गेले, वही आन पेनड्राइव्ह घिऊन. दुकानदारानं जुनं कार्ड उजेडात धरलं आन म्हणला, "ह्याला कुणी चावलं?" मी म्हणले, पोरीनं. म्हणला, "नशीब, आमच्याकडं एकाचं म्हशीनं खाल्लेलं." नवं कार्ड दिलं, चौसष्ट जीबीचं, म्हणला आता बारकी कोण ठेवतं. मी त्याला वहीतली ओळ दाखवली, सरांनी खाली रेघ मारलेली, कार्ड फॅट थर्टीटू मांडणीमध्येच करून घ्यावे. त्यानं स्क्रीनवर बघितलं. म्हणला, "हे एक्सफॅट हाय, ताई. त्याच्याच पुढचं. जुनं ते जुनं. नव्याला काय धाड भरती?" मला ते पटलं. पुढचं म्हंजी चांगलंच की, आठवीच्या पुढं नववी. त्यानं पेनड्राइव्हमधलं समदं कार्डावर टाकलं, मी एक एक नाव वहीशी जुळवून बघितलं, एक बी कमी नव्हतं. येताना टेम्पोत बसून मला रडू आलं ते सुटले म्हणून.

घरी आले, कार्ड घातलं, बटण लावलं. लाल दिवा लागला. हिरवा लागला न्हाई. काढून पुसून घातलं. लाल. बटण बंद करून पन्नास आकडे मोजून लावलं. लाल. माज्या मागं आत्याबाय शिऊला घिऊन उभ्या. म्हणल्या, "काय गं, काय बघती?" मी म्हणले, "काय नाय, जाळी पुसती." त्या म्हणल्या, "लागलाय की दिवा." आन शिऊला दाखवला, "त्यो बघ लाल लाल." दुकानदाराला फोन केला तर म्हणला, फायली समद्या हायेत ना मंग, बोर्ड गेला आसंल तुमचा. बोर्ड गेला म्हंजी पेटीच गेली. आन ती मी घालवली, एका फोटोपायी.

सांगायचं व्हतं. रोज सकाळी उठताना ठरवायची आज सांगते. पर आत्याबाय डेअरीवर सांगणार, आमची सून मशीन बघती, आन मी काय तोंडानं सांगू. दीर येणार, चुलत सासू येणार, म्हणणार नववी नापास बाईच्या हातात दिली किल्ली. मी नापास नव्हते, सुटली व्हती माजी शाळा, पर कोण ऐकतं. मंग मी एक केलं. आत्याबाईंना म्हणले, घास मी कापून आणती, तुमी शिऊला बघा. आत्याबाय म्हणल्या, "आगं सूर्व्या कुठून उगावला आज?" पाच दिवस मी गेले. फोनावर गाणी मोठ्यानं लावायची, पदर कमरंला, आन जायचं. वाकायचं आन उभं राहायचं, वाकायचं आन उभं राहायचं, वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं म्हणत्यात. ऊस वाजायचा. विळ्यानं दोनदा बोट कापलं. अर्धी पाटी झाली की पळत घरी. गाई उपाशी हंबरायच्या तर आत्याबाय म्हणायच्या, "एवढासा घास, सशाला आणलाय का?" आज मी तवाच्या शिऊएवढ्या पोरींच्या आयांना बघते आन वाटतं, ह्या किती लहान हायेत. मी एकवीस वरसांची व्हते. जीव द्यायला निघाल्यासारखी रोज जायची पर चार शब्द बोलवंनात.

सहाव्या दिवशी शिऊला ताप भरला. अंग नुसतं भट्टी, मला सोडंचना. चांगलं ऊन पडलेलं, दूध घालून झालेलं. आत्याबाईंनी विळा घेतला. मी म्हणले, "आत्याबाय, आज नगा जाऊ."

"आन गाया काय तुज्या तोंडाकडं बघत्याल?"

"मी जाते जरा येळानं. ही झोपली की."

"झोपू दे तिला. तू नको हालू."

मी दारापतुर गेले. म्हणले, "आत्याबाय, त्यो भोंगा हाय ना..."

त्यांनी पेटीकडं बघितलं. म्हणल्या, "लाल दिवा लागतोय की."

आन गेल्या. माज्या तोंडात शब्द व्हता. अख्खा व्हता. शिऊ रडली आन मी आत वळले.

मला काय ऐकू आलं न्हाई. शेजारच्या वावरात पाणी धरत व्हते ते दगडूभाऊ वरडले, बादली बडवत पळाले, म्हणून त्यानं सोडलं. मी गेले तवा आत्याबाय घासात बसलेल्या, पदर मानंवर दाबून, आन हिरवा घास काळा झालेला. मला बघून पैलं काय म्हणल्या तर, "शिऊला एकटी सोडून आली का?"

दवाखान्यात मानंला आन खांद्याला टाके घातले. दहा दिवसांनी घरी आणलं. फॉरेस्टची माणसं जबाब घ्यायला आली, तवा समदी वस्ती अंगणात, मी च्या वाटत व्हते. साहेबानं लिहिलं, बिबट्याचा हल्ला. आत्याबाय खाटंवरून म्हणल्या, "बिबट्या नव्हता त्यो. तरस आसंल." साहेब म्हणला, "आजी, ठसे बिबट्याचेच हायेत." त्या म्हणल्या, "मंग भोंगा कसा न्हाई वाजला? माजी सून बघती त्यो. बिबट्या आसता तर वाजला आसता." समद्यांनी माज्याकडं बघितलं. हातात ताट, ताटात सात कप. मी म्हणले, "वाजला की. आत्याबाईंना ऐकू आला नसंल."

दगडूभाऊ मला बघत राहिले, ते तर पलीकडच्याच वावरात व्हते, पर त्यांनी ताटातला कप उचलला आन मान खाली घातली. आत्याबाय माज्याकडं बघत व्हत्या, मंग त्यांनी हात उचलून स्वताच्या कानाला लावला. म्हणल्या, "आसंल बाबा. वय झालं." साहेबानं पुढं लिहिलं.

त्या दिवसापासून त्या बहिऱ्या झाल्या. खरं तर त्यांना समदं ऐकू यायचं, शिऊ कूस वळली की त्यांचे डोळे उघडायचे, पर त्यांचा स्वतावरचा इस्वासच गेला. टेम्पो कालव्यावर आला की तोंड उघडायच्या आन मिटून घ्यायच्या, आन मला इचारायच्या, "आला का गं टेम्पो?" कारखान्याचा भोंगा वाजला की माज्या तोंडाकडं बघायच्या, वाजला का म्हणून. भेटायला येणारी माणसं त्यांच्या कानाशी वरडून बोलायची, आन त्या मान हालवायच्या. शिऊला सांगायच्या, मोठ्यानं बोल गं बाय, तुजी आजी बहिरी झालीये. जखम भरंना, शुगर निघाली. भाकरी खाईनात, नुसती पेज. मी पेज पाजायची आन त्या म्हणायच्या, तू लई केलंस. त्यानंतर त्या महिनाभर व्हत्या.

त्याच महिन्यात सर आले ते काठी टेकत, त्यांना कुणी तरी सांगितलं व्हतं. दुपारची येळ, आत्याबाय अंगणात खाटंवर, डोळे मिटून. मी सरांना पेटीपाशी नेलं आन समदं सांगितलं, पैल्यांदा कुणाला तरी सांगितलं, श्वास न घेता, फोटोपासून. सरांनी कार्ड काढून लॅपटॉपात घातलं, बघितलं. म्हणले, "सगळं बरोबर केलंस, मनीषा. एकच. हा बोर्ड झोपेतून उठताना एकच जुनी मांडणी वाचतो. पूर्ण जागा झाला की नवी वाचेल, काहीही वाचेल. पण जागं होण्याआधी त्याला तेवढीच येते." मंग त्यांनी कार्ड पुसलं, जुन्या मांडणीचं केलं, त्याच समद्या फायली पुन्ना टाकल्या. माजी एक भाकरी भाजून व्हणार नाय एवढ्यात झालं. मी म्हणले, "फोनवर सांगता आलं आसतं?" सरांनी लॅपटॉप मिटला. म्हणले, "एका मिनटात."

कार्ड घातलं. लाल लागला. मी हिरव्याकडं बघत व्हते. लुकलुकला. पुन्ना लुकलुकला. आन सरांनी वहीत लिहिलेलं आमी दोघंबी इसरलो व्हतो, नवं कार्ड पैल्यांदा वाचलं की एकदा भोंगा वाजवून बघतो त्यो. वाजला. वासरानं दावं ताणलं. अंगण समदं हाललं.

मी वळून बघितलं. आत्याबाय खाटंवर उठून बसल्या व्हत्या, हात कानाला न लावता. मोठ्या आवाजातबी न्हाई, हलक्या आवाजात सरांना म्हणल्या, "वाजतो तर मोठा." मंग माज्याकडं बघितलं. किती येळ बघत व्हत्या मला सांगता येत नाय. मी खांबाला धरून उभी, हातात किल्ली. मला वाटलं आता इचारतील, इचारलं की सांगीन, ह्या वक्ताला सांगीन.

त्यांनी इचारलं न्हाई. शिऊ अंगणात घासाच्या वावराकडं तोंड करून चालली व्हती, पाऊल मोजून टाकल्यासारखी. आत्याबाय खाली लवंडल्या, भिंतीकडं तोंड केलं आन म्हणल्या, "शिऊला आत घे. भोंगा वाजलाय."